मतपेटी लंडनची, सीमा आयर्लंडची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१८ एप्रिल २०१७. ईस्टरची सुट्टी नुकतीच संपली होती. त्या मंगळवारी सकाळी ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे दहा डाउनिंग स्ट्रीटच्या काळ्या दारातून बाहेर आल्या आणि ८ जूनला सार्वत्रिक निवडणूक घेण्याचा आपला विचार त्यांनी जाहीर केला. सगळेच चकित झाले. मुदतीआधी निवडणूक नाही, असं त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलं होतं. संसदेची मुदतही २०२० पर्यंत होती.

सरकार अडचणीत होतं का? तसंही नव्हतं. ६५० जणांच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्यांच्या हुजूर पक्षाचे ३३० खासदार होते. बहुमत काठावरचं होतं, पण होतं. मग हा उपद्व्याप कशासाठी? थेरेसाबाईंनी कारण दिलं ते ब्रेक्झिटचं. युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याच्या वाटाघाटी आता सुरू होणार, विरोधक संसदेत अडथळे आणणार, तेव्हा ब्रसेल्सला जाताना आपल्या पाठीशी भक्कम बहुमत हवं, असा त्यांच्या निवेदनाचा सूर होता.

ऐकायला हे पटण्यासारखं आहे. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीला जाणारा कर्ता माणूस आधी घरच्यांचा कौल घेतो, म्हणजे बैठकीत त्याचा शब्द खाली पडत नाही. देशाच्या बाबतीतही हे खरं ठरतं का? घरची निवडणूक बाहेरच्या वाटाघाटींत किती कामी येते? ब्रिटनने अडीच वर्षांत दोनदा हा प्रयोग करून पाहिला. पहिला फसला, दुसरा साधला. पण दोन्ही वेळी त्याची किंमत ज्यांना मोजावी लागली, ते लोक लंडनपासून बरेच दूर राहत होते. त्यांची गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. ५१.९ टक्के मतदारांनी महासंघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, ४८.१ टक्के लोकांनी राहण्याचा. देश जवळजवळ दुभंगला होता आणि ही दुही प्रदेशांप्रमाणेही होती. इंग्लंड आणि वेल्स बाहेर पडा म्हणाले. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के मतं राहण्याच्या बाजूने पडली. पंतप्रधान डेव्हिड कॅमरून पायउतार झाले आणि जुलैमध्ये थेरेसा मे त्यांच्या जागी आल्या.

बाहेर पडण्याची रीत महासंघाच्या कराराच्या ५०व्या कलमात सांगितलेली आहे. त्यानुसार एखाद्या देशाने लेखी सूचना दिली की दोन वर्षांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात करार झाला तर ठीक, नाहीतर त्या देशाने कराराविना बाहेर पडायचं. मुदत वाढवायची तर बाकीच्या सगळ्या देशांची संमती लागते. थेरेसा मे यांनी ही सूचना २९ मार्च २०१७ रोजी दिली. घड्याळाची टिकटिक सुरू झाली आणि त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनी त्यांनी निवडणूक पुकारली. आधी निवडणूक घेऊन मग सूचना दिली असती तर निदान हे दिवस तरी वाचले असते.

थेरेसाबाईंचं गणित मात्र अगदीच भाबडं नव्हतं. दोन वर्षांची मुदत संपणार होती मार्च २०१९ मध्ये आणि निवडणूक येणार होती मे २०२० मध्ये. म्हणजे वाटाघाटींचा शेवटचा, सर्वांत अवघड टप्पा निवडणुकीच्या सावटाखाली पार पडला असता. आत्ताच निवडणूक उरकली तर पुढची २०२२ मध्ये. मधे पाच वर्षं मोकळी. दुसरं कारण बोलायचं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. खरे अडथळे विरोधकांकडून कमी आणि स्वपक्षाकडून जास्त येणार होते. हुजूर पक्षात युरोपचं नाव काढताच बाह्या सरसावणारा एक मोठा गट होता आणि युरोपशी नातं राखू पाहणारा एक छोटा गटही होता. काठावरच्या बहुमतात यांतला कुठलाही गट सरकारला वेठीला धरू शकत होता. शंभराचं मताधिक्य मिळालं असतं, तर थेरेसाबाईंना दोघांकडेही दुर्लक्ष करून तडजोड करता आली असती. ब्रसेल्समध्येही अनेकांना तेच बरं वाटत होतं. आणि तिसरं कारण म्हणजे जनमत चाचण्यांमध्ये हुजूर पक्ष जवळपास वीस टक्क्यांनी पुढे होता. वेल्सच्या डोंगरांत पायी भटकंती करताना हा निर्णय पक्का झाला, असं पुढे त्यांनीच सांगितलं.

पंतप्रधानांच्या एकट्याच्या मनावर ही गोष्ट आता राहिली नव्हती. २०११ सालच्या कायद्याने संसदेची मुदत पाच वर्षांची ठरवून टाकली होती. मुदतीआधी निवडणूक घ्यायची तर दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी. मजूर पक्षाला नाही म्हणता आलं असतं. पण निवडणुकीला घाबरलेला विरोधी पक्ष ही प्रतिमा कोणाला हवी असते? १९ एप्रिलला ५२२ विरुद्ध १३ मतांनी ठराव मंजूर झाला.

इथे जरा मागे जाऊन १९७४ सालचा इतिहास बघायला हवा. थेरेसाबाईंच्या पक्षातल्या जुन्याजाणत्यांना तो नक्कीच आठवला असेल. तेव्हाचे हुजूर पक्षाचे पंतप्रधान होते एडवर्ड हीथ. ब्रिटनला युरोपच्या सामायिक बाजारात नेणारे हेच ते. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन त्यात दाखल झालं. त्याच वर्षाच्या अखेरीला कोळसा खाणकामगारांनी आंदोलन छेडलं. वीज वाचवण्यासाठी कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवण्याची पाळी आली. या देशात राज्य कोणाचं, सरकारचं की कामगार संघटनांचं, असा रोकडा प्रश्न हीथ यांनी मतदारांपुढे टाकला आणि २८ फेब्रुवारी १९७४ रोजी मुदतीआधीच निवडणूक घेतली.

उत्तर आलं ते हीथ यांना नको असलेलं. हुजूर पक्षाला मतं थोडी जास्त मिळाली, पण जागा २९७. मजूर पक्षाला ३०१. बहुमत कोणालाच नाही. हीथ यांनी लिबरल पक्षाशी बोलणी करून पाहिली, ती फसली आणि हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान झाले.

या निवडणुकीचे दोन परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला युरोपबाबतचा. युरोपमधल्या प्रवेशाच्या अटींवर पुन्हा बोलणी करू, हे मजूर पक्षाचं आश्वासन होतं. हीथ यांचेच जुने सहकारी इनॉक पॉवेल यांनी तर केवळ युरोपच्या प्रश्नावरून मजूर पक्षाला मत द्या, असं आवाहन केलं. विल्सन यांनी बोलणी केली आणि ५ जून १९७५ रोजी सार्वमत घेतलं. ६७ टक्के लोकांनी युरोपमध्ये राहण्याचा कौल दिला. कोळशाच्या भांडणावरून घेतलेली निवडणूक शेवटी युरोपच्या सार्वमतापर्यंत जाऊन पोचली.

दुसरा परिणाम अधिक गंभीर होता. उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा रक्तपात चालू होता. ब्रिटनशी एकनिष्ठ असलेले युनियनिस्ट आणि आयर्लंडशी एकीकरण हवं असलेले राष्ट्रवादी, अशा दोन समाजांतला तो झगडा. हीथ यांनी मोठ्या खटपटीने १९७३ च्या डिसेंबरमध्ये सनिंगडेल इथे तडजोड घडवून आणली होती. दोन्ही समाजांचं संयुक्त मंत्रिमंडळ १ जानेवारी १९७४ रोजी कामाला लागलं. ते जेमतेम दोन महिन्यांचं असताना लंडनने निवडणूक लादली. सनिंगडेलला विरोध करणाऱ्या युनियनिस्टांच्या आघाडीने तिथल्या १२ पैकी ११ जागा जिंकल्या. तडजोडीला आता लोकांचा पाठिंबा नाही, असं सांगायला त्यांना पुरावाच मिळाला. मे महिन्यात संपाचं हत्यार उपसून त्यांनी ते मंत्रिमंडळ पाडलं. पुढे १९९८ च्या गुड फ्रायडे करारापर्यंत, म्हणजे तब्बल चोवीस वर्षं, तशी तडजोड पुन्हा झाली नाही. त्या साऱ्या संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली. एका निवडणुकीवर याचं सगळं खापर फोडता येणार नाही. पण लंडनच्या सोयीने घेतलेली निवडणूक बेलफास्टमध्ये काय करू शकते, हे तेव्हा दिसून आलं होतं.

आता पुन्हा २०१७ कडे येऊ. थेरेसा मे यांना ब्रेक्झिटवर कौल हवा होता. पण मतदारांना कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटेल, हे पंतप्रधानांच्या हातात नसतं. मजूर पक्षाने सार्वमताचा निकाल मान्य करून टाकला होता, त्यामुळे ब्रेक्झिटवर वाद घालायला समोर कोणी उरलंच नाही. जेरेमी कॉर्बिन यांनी महाविद्यालयीन शुल्क रद्द करण्याचं, सरकारी सेवांवर खर्च वाढवण्याचं आश्वासन दिलं. हुजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात वृद्धांच्या देखभालीचा खर्च त्यांच्या घराच्या किमतीतून वसूल करण्याची योजना होती. त्यावर इतका गदारोळ झाला की चार दिवसांत थेरेसाबाईंना माघार घ्यावी लागली. वर, काहीच बदललेलं नाही, असंही त्या म्हणाल्या. मग २२ मे रोजी मँचेस्टरमध्ये संगीताच्या कार्यक्रमात बॉम्बस्फोट होऊन २२ जणांचा बळी गेला आणि ३ जूनला लंडन ब्रिजवर हल्ला झाला. थेरेसा मे सहा वर्षं गृहमंत्री होत्या, त्या काळात पोलिसांची संख्या का घटली, याचा जाब लोक विचारू लागले. ब्रेक्झिट बाजूलाच राहिलं.

९ जूनच्या पहाटे चित्र स्पष्ट झालं. हुजूर पक्षाच्या ३३० जागांच्या ३१७ झाल्या. मजूर पक्ष ३० जागांनी वाढून २६२ वर गेला. मतं कमी झाली होती असंही नाही. हुजूर पक्षाला ४२ टक्के मतं पडली होती, आधीपेक्षा जास्तच. पण मजूर पक्षानेही ४० टक्क्यांपर्यंत मजल मारली होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी गत झाली. होतं तेही बहुमत गेलं.

या निकालाचा वाटाघाटींवर झालेला परिणाम चार ठिकाणी नेमका दाखवता येतो.

पहिली गोष्ट वेळेची. २९ मार्चला सुरू झालेल्या घड्याळाचे ८२ दिवस उलटून गेल्यावर, १९ जूनला, ब्रिटनचे मंत्री डेव्हिड डेव्हिस आणि महासंघाचे प्रतिनिधी मिशेल बार्निये समोरासमोर बसले. यातले काही आठवडे तसेही जाणार होते, कारण महासंघाची तयारी मे महिन्याच्या उत्तरार्धात पुरी झाली. पण महासंघाने तो काळ आपली भूमिका ठरवण्यात घालवला आणि ब्रिटनने प्रचारात. २९ एप्रिलला २७ देशांचे प्रमुख एकत्र जमले आणि त्यांनी काही मिनिटांत एकमताने मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी नागरिकांचे हक्क, ब्रिटनने द्यायची देणी आणि आयर्लंडची सीमा हे विषय मिटवायचे, मगच पुढच्या व्यापाराबद्दल बोलायचं, हा महासंघाचा आग्रह होता. ब्रिटनला सगळं एकदम बोलायचं होतं. उन्हाळाभर याच मुद्द्यावरून भांडण होईल, असं डेव्हिस मे महिन्यात सांगत होते. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी त्यांनी महासंघाचा क्रम मान्य केला. निवडणूक झाल्याला अकरा दिवस झाले होते आणि लंडनमध्ये सरकार टिकवण्याची जुळवाजुळव अजून चालू होती.

तिसरी गोष्ट संसदेची. अंतिम करारावर संसदेची मोहोर कायदा करूनच उमटली पाहिजे, ही दुरुस्ती १३ डिसेंबर २०१७ रोजी ३०९ विरुद्ध ३०५ मतांनी मंजूर झाली. हुजूर पक्षाच्या अकरा खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिलं होतं. शंभराच्या मताधिक्यात हे अकरा जण कोणाच्या लक्षातही आले नसते.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी, ती आयर्लंडच्या सीमेची. बहुमतासाठी थेरेसा मे यांनी उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या, म्हणजे डीयूपीच्या, दहा खासदारांचा आधार घेतला. २६ जूनला समझोता झाला आणि उत्तर आयर्लंडसाठी एक अब्ज पौंडांचा जादा निधी जाहीर झाला. पैशांचं सोडा. खरी किंमत वेगळीच होती.

उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आणि दक्षिणेला आयर्लंडचं प्रजासत्ताक. मधली सीमा जवळपास ५०० किलोमीटरची, तिला ओलांडणारे रस्ते दोनशेहून अधिक. संघर्षाच्या काळात तिथे लष्करी चौक्या आणि पहारे होते. गुड फ्रायडे करारानंतर ते गेले. आज एका शेतकऱ्याचं घर एका देशात आणि कुरण दुसऱ्या देशात असू शकतं, आणि त्याच्या गाईंना त्याचा पत्ताही नसतो. दोन्ही देश महासंघात होते म्हणून हे शक्य झालं. ब्रिटन बाहेर पडल्यावर ही महासंघाची बाहेरची हद्द होणार. मग मालाची तपासणी कुठे करायची? सीमेवर केली तर जुन्या जखमा उघड्या पडणार. उत्तर आयर्लंड आणि ब्रिटनच्या मधल्या समुद्रात केली तर युनियनिस्टांना ते आपल्याच देशापासून तोडल्यासारखं वाटणार. कुठेच करायची नाही, तर सगळ्या ब्रिटनला महासंघाच्या नियमांना बांधून राहावं लागणार. चौथा मार्ग नव्हता. आणि या तिढ्यावर नकाराधिकार आता डीयूपीच्या हाती आला होता.

यातली विसंगती पाहा. उत्तर आयर्लंडच्या बहुसंख्य मतदारांनी युरोपमध्ये राहण्याचा कौल दिला होता. डीयूपी बाहेर पडण्याच्या बाजूची. २०१७ च्या निवडणुकीत तिथल्या १८ पैकी १० जागा डीयूपीला मिळाल्या, ७ शिन फेनला आणि एक अपक्ष उमेदवाराला. शिन फेनचे खासदार निवडून येतात, पण लंडनच्या संसदेत बसत नाहीत, हे त्यांचं जुनं धोरण. संसदेत बसणाऱ्या एसडीएलपी या मवाळ राष्ट्रवादी पक्षाच्या तिन्ही जागा गेल्या. बेलफास्टची विधानसभाही जानेवारीपासून ठप्प होती. म्हणजे ज्यांच्या दारातून ही सीमा जाते, त्यांच्यातल्या अर्ध्याअधिक लोकांच्या वतीने लंडनमध्ये बोलायला एका अपक्ष बाईंखेरीज कोणी उरलं नाही आणि उरलेल्यांच्या प्रतिनिधींकडे सरकारची किल्ली आली.

याचा अर्थ ४ डिसेंबर २०१७ रोजी जगाने पाहिला. थेरेसा मे ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष युंकर यांच्याबरोबर जेवायला बसल्या होत्या. सीमेबाबतचा मसुदा तयार होता. तेवढ्यात डीयूपीच्या नेत्या आर्लीन फॉस्टर यांनी बेलफास्टमध्ये तो अमान्य असल्याचं जाहीर केलं. दोघींचं फोनवर बोलणं झालं आणि त्या दिवशीचा समझोता बारगळला. चार दिवसांनी शब्द फिरवून तो झाला खरा, पण महासंघाच्या २७ देशांना जे कळायचं ते कळलं होतं. बैठकीत बसलेल्या बाईंचा शब्द घरी चालेल याची खात्री उरली नव्हती. वाटाघाटीत समोरच्या पक्षाला शेवटी एवढंच पाहायचं असतं. तुमचं मताधिक्य किती, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तुम्ही जे कबूल कराल ते पाळाल का, हा त्याचा प्रश्न असतो.

पुढचा घटनाक्रम अनेकांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१८ मध्ये करार झाला. दुसरा तोडगा निघेपर्यंत सीमेवर तपासणी होऊ नये म्हणून सगळ्या ब्रिटनला महासंघाच्या जकात व्यवस्थेत ठेवण्याची तरतूद त्यात होती. तिलाच बॅकस्टॉप म्हणत. उत्तर आयर्लंडपुरतीच वेगळी व्यवस्था डीयूपीला चालणार नव्हती, म्हणून ती सगळ्या देशाला लावली. मग ब्रेक्झिटचे कट्टर समर्थक भडकले. १५ जानेवारी २०१९ रोजी कॉमन्सने हा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. ब्रिटिश संसदेच्या आधुनिक इतिहासात कोणत्याही सरकारचा एवढा मोठा पराभव झालेला नाही. हुजूर पक्षाचे ११८ खासदार आणि डीयूपीचे दहाही जण विरोधात गेले. आणखी दोनदा तो मांडला गेला, आणखी दोनदा पडला. मेच्या अखेरीस थेरेसाबाईंनी राजीनामा जाहीर केला.

दुसरा प्रयोग बोरिस जॉन्सन यांचा. जुलै २०१९ मध्ये ते पंतप्रधान झाले. सप्टेंबरमध्ये त्यांनी २१ बंडखोर खासदारांना पक्षाच्या संसदीय गटातून काढलं आणि उरलंसुरलं बहुमतही घालवलं. निवडणूक हवी म्हणून त्यांनी तीनदा ठराव आणला. तिन्ही वेळा दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. शेवटी साध्या बहुमताने मंजूर होणारा खास कायदा करून १२ डिसेंबरची निवडणूक ठरली.

मधल्या काळात एक भेट झाली, तिचा आपल्याशीही थोडा संबंध आहे. आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. थेरेसाबाईंच्या फसलेल्या निवडणुकीनंतर सहाच दिवसांनी, १४ जून २०१७ रोजी, त्यांनी सूत्रं हाती घेतली होती. त्यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. सीमेवर चौकी नको, या मुद्द्यावर ते अडून बसले आणि महासंघाचे बाकीचे देश त्यांच्या पाठीशी राहिले. १० ऑक्टोबर २०१९ रोजी इंग्लंडमधल्या विरल इथे जॉन्सन आणि वराडकर भेटले आणि तिथे वाट सापडली. तपासणी समुद्रात करायची. थेरेसाबाईंनी जे कोणत्याच ब्रिटिश पंतप्रधानाला मान्य होणार नाही असं म्हटलं होतं, तेच थोड्या फरकाने जॉन्सन यांनी मान्य केलं. १७ ऑक्टोबरला करार झाला. डीयूपीने तो धुडकावला. पण जॉन्सन यांचं बहुमत आधीच गेलेलं होतं, त्यामुळे दहा मतांची पर्वा करण्याचं कारणही उरलं नव्हतं.

निवडणुकीत हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या. ८० चं मताधिक्य. २० डिसेंबरला कराराचं विधेयक ३५८ विरुद्ध २३४ मतांनी पुढे सरकलं आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडलं.

दोन निवडणुकांत असा फरक का पडला? जॉन्सन अधिक चांगले प्रचारक होते आणि ब्रेक्झिट पार्टीने हुजूर पक्षाच्या ३१७ जागांवर उमेदवार दिले नाहीत, ही कारणं आहेतच. युरोपमध्ये राहू इच्छिणाऱ्यांची मतं अनेक पक्षांत विभागली गेली, हेही खरं. हुजूर पक्षाची मतं २०१७ पेक्षा फार वाढली नव्हती, ४२ टक्क्यांवरून साडेत्रेचाळीसपर्यंत गेली एवढंच. पण मला यापेक्षा महत्त्वाचा फरक दिसतो तो क्रमाचा. थेरेसा मे यांनी बोलणी सुरू होण्याआधी कोऱ्या कागदावर सही मागितली. जॉन्सन यांनी तयार कागद पुढे केला. २०१७ मध्ये मतदारांना काय मंजूर करायचं हेच ठाऊक नव्हतं, म्हणून ते दुसऱ्याच प्रश्नांवर मत देऊन मोकळे झाले. २०१९ मध्ये प्रश्न एकच होता, हा करार करून विषय संपवायचा की नाही.

मात्र ब्रसेल्समध्ये या दुसऱ्या निवडणुकीनेही काही मिळालं नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. करार ऑक्टोबरमध्येच झाला होता. डिसेंबरच्या विजयानंतर त्याच्या मजकुरात महासंघाने आणखी काही सोडलं नाही. निवडणुकीने घरातलं भांडण मिटवलं, बाहेरचा सौदा आहे तसाच राहिला. मुदतपूर्व निवडणुकीची ताकद एवढीच असते, आणि तिची जोखीमही त्यातच असते. ती घरातल्या लोकांच्या जागा बदलते. कोण कुठे बसेल ते आधी सांगता येत नाही.

वराडकरांनाही हा अनुभव आला. डिसेंबर २०१९ मध्ये ते वराडला आले, गावाने त्यांचं कौतुकाने स्वागत केलं. सीमा मोकळी राहिली होती, देशाची बाजू त्यांनी राखली होती. जानेवारीत त्यांनी मुदतीच्या वर्षभर आधीच निवडणूक पुकारली. ८ फेब्रुवारी २०२० रोजी मतदान झालं. आयरिश मतदारांनी विचारलं, घरांच्या किमतींचं काय आणि इस्पितळांतल्या रांगांचं काय? वराडकरांचा फिने गेल पक्ष ३५ जागांवर तिसऱ्या क्रमांकावर गेला. वाटाघाटीत जिंकलेला माणूसही त्या जोरावर निवडणूक जिंकतोच असं नाही.

आणि उत्तर आयर्लंड? जॉन्सन यांच्या विजयाने डीयूपीची गरज संपली. तिच्या १० जागांच्या ८ झाल्या, संसदेतले तिचे नेते नायजेल डॉड्स स्वतःच पडले. राष्ट्रवादी पक्षांच्या जागा युनियनिस्टांपेक्षा तिथे पहिल्यांदाच जास्त झाल्या. सरकारची किल्ली मिळालेला पक्ष अडीच वर्षांत दाराबाहेर उभा होता आणि त्याला नको असलेली समुद्रातली तपासणी सुरू होणार होती. त्या रागातून फेब्रुवारी २०२२ मध्ये डीयूपीने बेलफास्टच्या सरकारातून अंग काढून घेतलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी महासंघाशी विंडसर इथे नवा समझोता करून तपासणी सौम्य केली. तरी सरकार पुन्हा उभं राहायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. तोपर्यंत दोन वर्षं तिथल्या लोकांना स्वतःचं सरकार नव्हतं.

संसदेची मुदत बांधणारा तो २०११ चा कायदा ब्रिटनने २०२२ मध्ये रद्द केला. पंतप्रधानांना हवी तेव्हा निवडणूक घेण्याची मुभा परत मिळाली. सुनक यांनी ती वापरली, ४ जुलै २०२४ रोजी मुदतीआधी निवडणूक घेतली आणि त्यांचा पक्ष १२१ जागांवर आला. त्या प्रचारात ब्रेक्झिटचं नावही फारसं कोणी घेतलं नाही.

१९७४ असो की २०१७, लंडनच्या पंतप्रधानांनी मतदारांपुढे प्रश्न ठेवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर खाणकामगार होते किंवा ब्रसेल्स होतं. बेलफास्ट नव्हतं. दोन्ही वेळा घाव तिथेच बसला. निवडणुकीची घोषणा करताना पंतप्रधान जागांचं गणित मांडतात. ज्या लोकांच्या वाट्याला त्या गणितात फक्त अठरा जागा येतात, त्यांचा विचार बहुधा राहून जातो. ती पाचशे किलोमीटरची सीमा आज मोकळी आहे. दूध आणि धान्याचे ट्रक न थांबता इकडून तिकडे जातात. ती मोकळी राहिली, यात निवडणुकांचा वाटा थोडा आहे. त्या सीमेवर चौकी नको, यावर शेवटपर्यंत ठाम राहिलेल्या लोकांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे.